मदत हवी आहे: सहा तासांच्या जीटी शर्यतीची स्कोअरवही कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

बाबांनी तीसेक वर्षं मैदानावर क्रिकेटचं स्कोअरिंग केलं. क्लबचे सामने, ऑफिसांच्या स्पर्धा, सगळं. त्यांच्या लांबट वह्या अजून कपाटात आहेत. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. समोरच्या माणसाच्या कडा दिसतात, चेहरा दिसत नाही. टीव्ही सुटला, पण ऐकायला सगळं हवं असतं.

भाचा जर्मनीत आखेनला शिकतो. २०२४ च्या मे महिन्यात तो तिथून जवळच, बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर, गाड्यांची सहा तासांची शर्यत बघायला गेला. रात्री त्याने आजोबांना फोनवर ती अथपासून इतिपर्यंत सांगितली आणि तेव्हापासून बाबांना वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेतल्या, एलएमजीटी३ गटाच्या गाड्यांची ओढ लागली. आधीच्या शर्यती मी रेकॉर्डिंगवरून वहीत उतरवल्या, नंतरच्या थेट बघून. कतार, इमोला, स्पा, ल मां, साओ पाउलो, ऑस्टिन, फुजी, बहरीन, अशा आठही झाल्या. सकाळी चहा झाला की त्यांच्या खुर्चीशेजारी बसून वाचून दाखवते.

अडचण अशी की सगळं ऐकून झालं की बाबा विचारतात, "अगं, पण सामना फिरला कुठे?" आणि माझ्या पानावर ते सापडतच नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या गटात २०२४ ला नऊ कंपन्यांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे १८ गाड्या होत्या. दुकानात मिळणाऱ्या पोर्श ९११, फेरारी २९६, मस्टँग यांचीच शर्यतीची रूपं. एका गाडीत तीन चालक, आणि त्यातला किमान एक 'ब्रॉन्झ' दर्जाचा, म्हणजे हौशी, असलाच पाहिजे. त्याला ठरावीक वेळ गाडी चालवावीच लागते. २०२४ ला सहा तासांच्या शर्यतींत पात्रता फेरीही त्यानेच चालवायची होती. बाबांना हे एका वाक्यात समजलं: "म्हणजे वनडेतला पाचवा बॉलर. दहा षटकं कोणाकडून तरी काढून घ्यावीच लागतात, आणि मॅच तिथेच जाते."

मला तर वाटतं अख्खा हंगाम याच वाक्यात आहे. ९२ नंबरची पोर्श, मांटाय संघाची, कतार आणि साओ पाउलो जिंकली आणि फुजीलाच, एक शर्यत शिल्लक असताना, हंगामाची विजेती ठरली. तिचे चालक क्लाउस बाखलर आणि योएल श्टुर्म उत्तम आहेतच. पण त्यांचा ब्रॉन्झ, अलेक्स मालिखिन, इतरांच्या ब्रॉन्झपेक्षा फार वेगवान होता. पाचवा बॉलरच विकेट काढणारा निघाला! हे मला दिसतं, पण वहीत उमटत नाही.

मी दर अर्ध्या तासाला प्रत्येक गाडीचा क्रमांक लिहिते. ब्रॉन्झ गाडीत असेल तर तांबड्या पेन्सिलीने, बाकी दोघांसाठी निळी आणि काळी. पण एखाद्या गाडीची ओळ २, २, ११, ४ अशी निघते. ते ११ म्हणजे ब्रॉन्झने घालवलं, की गाडी नुसती पेट्रोल-टायरसाठी पिटमध्ये येऊन गेली? ओळ वाचून कळत नाही. इमोलाला तर शेवटच्या तासांत पाऊस आला, कोणी आधी टायर बदलले, कोणी नंतर. माझं पान खोडाखोडीने काळं झालं. डब्ल्यूआरटी संघाच्या बीएमडब्ल्यू पहिल्या-दुसऱ्या आल्या, ३१ पुढे आणि व्हॅलेंटिनो रॉसीची ४६ मागे, एवढंच मला धड वाचता आलं.

सेफ्टी कारचं, म्हणजे धोका असला की पुढे येऊन सगळ्यांना हळू, रांगेत चालवायला लावणाऱ्या गाडीचं, तर काय करावं तेच कळत नाही. ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पावसामुळे रात्री चार तासांहून जास्त वेळ सगळ्या गाड्या तिच्यामागे रांगेत होत्या. स्पाला मोठा अपघात झाला, कठडे दुरुस्त होईपर्यंत लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली, आणि नंतर गेलेला वेळ वाढवून दिला. एखाद्याने तासभर राबून मिळवलेली चाळीस सेकंदं अशी पुसली जातात. ती कुठे मांडायची?

संगणकावरचा तक्ता सुचवू नका, प्लीज. बाबांना पान उलटल्याचा आवाज ऐकायचा असतो. आणि जे लिहीन ते मोठ्याने वाचता आलं पाहिजे. नवा हंगाम सुरू होण्याआधी वही आखून ठेवायची आहे.

प्रतिसाद १

ताई, अर्ध्या तासाचे रकाने काढून टाका. घड्याळ हे चुकीचं एकक आहे. तुमच्या घरातलाच शब्द वापरा: स्पेल. चालक बसला की ओळ सुरू, उतरला की बंद. बसताना पुढच्या गाडीपासून किती सेकंद मागे होता आणि उतरताना किती, हे दोनच आकडे लिहा. बॉलिंग ॲनालिसिससारखं.

फक्त एक पथ्य पाळा: दोन्ही गाड्यांचे पिट स्टॉप सारखे झालेले असतील तेव्हाच अंतर मोजायचं. एकीचे तीन झाले आणि दुसरीचे दोन, तर तो आकडा लिहूच नका, तीन-तीन होईपर्यंत थांबा. ते फसवं ११ आपोआप जाईल.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. पावसाने खेळ थांबला की बाबा वहीत काय करायचे? सेफ्टी कारला तेच करा. आडवी दुहेरी रेघ मारा आणि रेघेच्या वर त्या क्षणाचं अंतर लिहा. खाली नवीन हिशोब. सगळ्यात उजवीकडे 'पुसलेलं' असा एक अरुंद रकाना ठेवा. ज्याचं जास्त पुसलं गेलं, त्याच्यावर अन्याय झाला, हे वाचतानाच कळेल.

आणि पानाच्या डोक्यावर, टॉस लिहितात तिथे, गाडीवरचं जादा वजन लिहायला विसरू नका. मागच्या शर्यतीत पुढे आलेल्यांवर वजन चढवतात. ते माहीत नसेल तर उगाच चालकाला दोष दिला जातो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रेकॉर्डिंग लावून इमोलाचं पान नव्याने लिहिलं, फक्त ३१ आणि ४६ या दोनच गाड्यांचं. अडीच दिवस लागले, पण एकही खोडाखोड नाही. बाबांना दुहेरी रेघेबद्दल सांगितलं तर म्हणाले, "रेघ पट्टीने मारलीस ना? हाताने मारलेली रेघ नंतर आकड्यात मिसळते." मग वही हातात घेतली आणि रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. आता नव्या वहीत पेन जरा दाबून मारते आहे, म्हणजे बोटाला लागेल.

एक विचारायचं राहिलं: १८ गाड्यांपैकी किती एकट्या माणसाला थेट बघताना नोंदवता येतील? बाबा म्हणतात सहा. कोणी करून पाहिलं आहे का?