मदत हवी आहे: गावतळ्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अडीचपट झालाय, मासे पहाटे वर येतात. सॉफ्टनरचं मीठ कारण असेल का?

पाणोठा
करवीर तालुक्यातलं तळं आहे. विस्तार 2 एकर, सरासरी खोली दीड मीटर. ऑक्टोबरात सांडवा थांबला तेव्हा टीडीएस 240, आता फेब्रुवारीअखेर 610. पाणी हिरवंगार झालंय. पहाटे कटला-रोहू वर तोंड काढून फिरतात, दहा वाजले की खाली जातात. वरच्या अंगाला 200 फ्लॅटची सोसायटी आहे, बोअरचं पाणी जड म्हणून सॉफ्टनर बसवलाय. रोज 25 किलो मिठाचं एक पोतं लागतं. सांडपाणी एसटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण संचातून) ओढ्याला आणि तिथून तळ्यात येतं. ओढ्यावर दिवसा चारदा मोजलं, 800 च्या वर आकडा जात नाही. एसटीपीत मीठ अडत नाही का? आणि केंदाळ (जलपर्णी) सोडलं तर क्षार शोषून घेतं म्हणतात, ते खरं का?

बुरेट
एसटीपीत मीठ अडत नाही. मिठातलं क्लोराइड जिवाणू खात नाहीत, गाळात बसत नाही, हवा मारून उडत नाही. आलं तेवढं पुढं जातं.

हिशेब करा. तळ्यात पाणी साधारण 12,000 घनमीटर. 25 किलो मिठात क्लोराइड 15 किलो. म्हणजे रोज लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम वाढ, अगदीच किरकोळ वाटते. पण 140 दिवसांत ते 175 होतं. आधीचे 30 धरा आणि आटून पाणी 15 टक्के कमी झालं असं धरा, की 240 च्या आसपास येतं. अमेरिकेत जलचरांसाठी दीर्घकाळाची मर्यादा 230 मिलिग्रॅम आहे, कॅनडात 120. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातला 250 हा आकडा माणसाच्या चवीचा आहे, तो इथं लावू नका.

दिवसा मोजून उपयोग नाही. सॉफ्टनरमधलं रेझिन (जडपणा धरणारे मणी) मिठाच्या पाण्यानं धुऊन ताजं करतात, ते रिजनरेशन. त्याचा टायमर बहुतेक ठिकाणी रात्री 2 च्या सुमाराला लावलेला असतो. त्या वेळी दर 15 मिनिटांनी मोजा.

टीडीएस मीटर फक्त विद्युतवाहकता मोजून गुणाकार करतो, क्षार कोणता ते सांगत नाही. क्लोराइडसाठी टायट्रेशन हवं, म्हणजे रंग बदलेपर्यंत किती रसायन लागतं ते मोजणं. 50 मिलि नमुना घ्या, पीएच 7 ते 10 मध्ये असू द्या. पोटॅशियम क्रोमेट 1 मिलि घाला, 0.0141 नॉर्मल तीव्रतेचं सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडा. पिवळ्यावर विटकरी झाक टिकली की थांबा, गडद लाल होईपर्यंत गेलात तर आकडा फुगतो. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर हेच करून येणारा आकडा (ब्लँक) वजा करून उरलेल्या मिलिला 10 नं गुणा. पाण्याला सडका वास असेल तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइड 1 मिलि घालून मिनिटभर ढवळा. हातमोजे घाला, डाग आठवडाभर जात नाहीत.

जिरे_बोटुकली
मासे जिवंत आहेत म्हणून पाणी ठीक समजू नका. रोहू-कटल्याला 240 काहीच नाही, रोग पडला तर आपणच त्यांना 2-3 टक्के मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवतो. मार बसतो तो डॅफ्निया वगैरे प्राणीप्लवंगांना (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांना). ते शेवाळ चरतात. ते घटले की शेवाळ मोकाट सुटतं, रात्री तेच ऑक्सिजन ओढतं आणि पहाटे मासे वर येतात. सांडपाण्यातलं फॉस्फरस त्यात भर घालतंच, सगळं मिठावर ढकलू नका. पण चरणारे नसले तर त्याच फॉस्फरसवर पाणी जास्त हिरवं होतं. जुलैत मत्स्यजिरे (माशांची नुकती जन्मलेली पिल्लं) सोडणार असाल तर हेच प्लवंग त्यांचं पहिलं खाणं, तेव्हा जिरे उपाशी मरतील.

तपासायला काचेची बरणी भरून उन्हात धरा. झटके देत वर-खाली होणारे पांढुरके ठिपके म्हणजे डॅफ्निया. नीट मोजायचं तर बोल्टिंग कापडाच्या जाळीतून 50 लिटर पाणी गाळा, पांढऱ्या ताटलीत घेऊन भिंगाखाली मोजा. पहाटेच घ्या, उन्हात ते खाली जातात. एक मात्र आहे, पाणी जड असेल तर क्लोराइडचा जाच थोडा कमी होतो. घाटाकडच्या मऊ पाण्याच्या तळ्यांना तीही सवलत नाही.

पाणोठा
रात्री मोजलं. 2:20 पासून 3:40 पर्यंत मीटर 9990 ला अडकला, त्याची हद्दच तेवढी. टायट्रेशन: मधोमध वरचं पाणी 24.6 मिलि, ब्लँक 0.2. ओढ्याच्या तोंडाशी गाळ काढलेला डोह आहे, त्याच्या तळाचं 42.3. 50 लिटरमागे डॅफ्निया फक्त 3.

बुरेट
म्हणजे मधे 244, डोहात 421. खारं पाणी वजनाला जड, ते ओढ्यातून तळालगत घसरत खड्ड्यात साचतं. उथळ भागात वारा घुसळून टाकतो, डोहात नाही. तिथं तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातला फॉस्फरस पाण्यात सुटतो. त्या डोहाचा ऑक्सिजनही मोजा.

केंदाळ नको. क्लोराइडला त्याचा उपयोग नाही आणि कुजलं की घेतलेलं सगळं परत देतं. रंकाळ्यावर केंदाळ काढताना किती घाम गळतो ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. चुना-तुरटीनंही क्लोराइड जात नाही. उपाय दोनच, येणं थांबवा आणि पावसाळ्यात सांडव्यावरून धुऊन जाऊ द्या.

व्हॉल्व्ह_रेझिन
सोसायटीला हे सांगा. एक, टायमरऐवजी वापरलेल्या लिटरवर चालणारा व्हॉल्व्ह. सुट्टीत फ्लॅट रिकामे असले तरी टायमर पोतं खातोच. दोन, मिठाचा डोस. रेझिनच्या लिटरमागे 160 ग्रॅम लावलेला असेल तर 100 वर आणा. एका फेरीत थोडं कमी पाणी मऊ होतं, पण मिठाच्या किलोमागे जास्त पाणी मऊ होतं. तीन, संडासाच्या फ्लशला आणि बागेला सॉफ्ट पाणी कशाला? ती लाइन बायपास करा.

उरलेलं खारं पाणी अडवता येतं. 250 लिटर रेझिनच्या फेरीत सुमारे 2,000 लिटर निघतं, पण बहुतेक मीठ ब्राइन (मिठाचं घट्ट पाणी) आणि सावकाश धुण्याच्या पहिल्या 600-700 लिटरात असतं. तेवढंच वेगळ्या टाकीत घ्या, प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ वाफ्यात आटवा. दिवसाला 5 मिमी बाष्पीभवन धरलं तर 150 चौरस मीटर लागेल, घट्ट होत गेलं की वेग मंदावतो, म्हणून जागा थोडी जास्तच ठेवा. पावसाळ्यात वाफा चालत नाही, जूनआधी मीठ खरवडून पोत्यात भरा. हे पाणी उसाला देऊ नका, सोडियमनं काळी जमीन चिकट होते. शिरोळकडची क्षारपड रानं बघून या.

पाणोठा
समजलं. सोसायटी बधली नाही तर?

बुरेट
रात्रीचे आकडे वेळेसह ग्रामपंचायतीला लेखी द्या, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात. मीटरची हद्द संपते, म्हणून रात्रीचा नमुना 1 मिलि घेऊन डिस्टिल्ड पाण्यानं 50 मिलि करा, मग टायट्रेशन करून उत्तराला 50 नं गुणा. पुढचा नमुना वळवाच्या आधी, मेअखेरीस घ्या. पाणी निम्म्यावर आलं असेल तर आहे तेच मीठ दुप्पट दिसेल, तेव्हा पाणीपातळीही सोबत लिहून ठेवा.