स्लिंगची चाचणीही झटका देऊनच व्हायला हवी

कातळवेडा:
कातळ चढाईचा एकेरी डायनॅमिक, म्हणजे ताणून धक्का शोषणारा, दोर कसा तपासतात बघा. ८० किलोचं लोखंडी वजन सुमारे ४.८ मीटर खाली सोडतात, तेही दोर ५ मिलिमीटर त्रिज्येच्या कडेवरून घेऊन. असे किमान ५ झटके त्याने सोसायचे, आणि पहिल्या झटक्याचं बल १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार). स्लिंगला, म्हणजे अडकवायला वापरतात त्या पट्टीच्या वेटोळ्याला, मात्र यंत्रात सावकाश ओढतात. २२ किलोन्यूटन पेललं की पास! माणूस सावकाश पडतो का? स्लिंगही वजन सोडूनच तपासली पाहिजे.

निरगाठ:
अजिबात पटलं नाही. धक्का शोषणं हे दोराचं काम, स्लिंगचं नव्हे. सावकाश ओढलं की कुठल्याही प्रयोगशाळेत जवळपास तोच आकडा येतो. शिवाय लोखंड दबत नाही. शरीर आणि हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) थोडा धक्का खातात. बिले देणाऱ्याकडून, म्हणजे दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्या साथीदाराकडून, दोर सरकतोही, चाचणीत तो घट्ट आवळलेला असतो.

कातळवेडा:
मध्ये दोर असेल तर मान्य. पण नुसत्या स्लिंगने अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) अडकलेला माणूस अँकरच्या वर चढला आणि घसरला तर? ६० सेंटिमीटरची स्लिंग म्हणजे १२० सेंटिमीटरची पडझड. हिशोब मांडा: ८० किलो ४० सेंटिमीटरमध्ये थांबले तर सरासरी बल ३ किलोन्यूटनच्या आसपास. डायनीमा (स्लिंगचा मजबूत कृत्रिम धागा) जेमतेम ताणते. ४ सेंटिमीटरमध्ये थांबले तर तेच २४! शरीर त्यातलं थोडं खाईल, पण १२ ची मर्यादा शरीराला सोसवावं म्हणूनच ठेवली आहे ना? त्यात डायनीमाला गाठ मारलेली असली तर ताकद निम्म्यावर येते, ते वेगळंच.

निरगाठ:
ही वापरातली चूक झाली. स्लिंगवर ‘१ झटका’ छापलंत तर लोक खुशाल तिच्यावर पडतील. दोराचे ‘५ झटके’ वाचून पाच वेळा पडलं की दोर बाद, असं समजणारे आहेतच की.

रानवाट:
मग पास-नापास नकोच. दोराच्या माहितीपत्रकात पहिल्या झटक्याचं बल देतात, तसं स्लिंगचंही द्या. तोवर अँकरला चढाईच्याच दोराने क्लोव्ह हिच नावाची गाठ मारून अडकावं, हे मात्र मी आग्रहाने सांगेन.

निरगाठ:
बल छापायला हरकत नाही. पण पास-नापास त्यावर ठरवलं तर कंपन्या जाड, ताणणाऱ्या स्लिंग काढतील. मग रनर (चढताना वाटेत दोर कातळाला जोडणारा दुवा) लांबवायला हलकी स्लिंग मिळणार नाही, लोक रनर आखूडच ठेवतील, दोर कातळावर घासत अडकत जाईल आणि पडल्यावर ताणायला त्याचा वरचा तुकडाच तेवढा उरेल.