एकाच प्रवासाच्या आम्हा भावंडांच्या आठवणी इतक्या वेगळ्या कशा?

प्रश्न

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे मोटारीने लांबच्या प्रवासाला जात असू. आई आता थकली आहे, म्हणून त्या आठवणी वेळेवर लिहून काढाव्यात असे मनात आले आणि मी दोन्ही भावंडांना विचारले. मला आठवतो तो भर दुपारचा रस्ता, ज्यावर दूर पाणी साचलेले दिसायचे आणि गाडी जवळ गेली की ते नाहीसे होऊन आणखी पुढे चमकायचे. धाकट्या बहिणीला तापलेल्या सीटचा वास आणि वळणांवर झालेल्या ओकाऱ्या एवढेच आठवते. थोरला भाऊ सांगतो की त्याच प्रवासात इंजिन तापून गाडी बंद पडली होती. मला तो प्रवास वेगळा वाटतो. यातले खरे कोणाचे मानावे?

उत्तर १

तिघांचेही खरे असू शकते. तापलेल्या रस्त्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण आणि विरळ असल्यामुळे आकाशाकडून तिरपे येणारे किरण तिच्यातून वर वळून डोळ्यांपर्यंत पोहोचतात, आणि पाणी म्हणून आपण पाहतो ते आकाशच असते. हे मृगजळ समोरच्या रस्त्यावर दूरवर पाहिल्याशिवाय दिसत नाही, म्हणजे आपण बहुधा पुढच्या दोन सीटांमधून डोकावत असणार. बहीण लहान होती, तिच्या डोळ्यांसमोर पुढच्या सीटची स्थिर पाठ असेल. आतल्या कानाला वळणे जाणवतात आणि डोळ्यांना हालचाल दिसत नाही, या विसंगतीमुळेच गाडी लागते, आणि साधारण २ ते १२ या वयात हा त्रास अधिक होतो. वासाचे संदेश तर मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत फार थेट पोहोचतात. तिच्या आठवणीत रस्ता नसावा, यात मला काहीच नवल वाटत नाही.

उत्तर २

भावाच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगावी. दरवर्षी घडणाऱ्या सारख्या प्रसंगांची मनात एकच सरमिसळ होते, आणि आठवण ही साठवलेली नक्कल नसून प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडले होते. त्यामुळे माझा आग्रह असा की तिघांनी आपापल्या आठवणी आधी स्वतंत्रपणे लिहाव्यात आणि मगच एकत्र बसावे. एकदा गप्पा रंगल्या की दुसऱ्याने सांगितलेला तपशील नकळत आपलाच वाटू लागतो. जुने फोटोही त्यानंतरच काढावेत.

उत्तर ३

आईंना ‘काय आठवते?’ असे मोघम विचारू नका. गाडीत कोण कुठे बसायचे, एवढेच विचारा.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. आईला तेवढेच विचारले आणि तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की धाकटी डावीकडच्या खिडकीशी, थोरला उजवीकडे आणि मी मधोमध, तोही बसलेला नाही, तर उभा. गाडी दोनदा तापली होती, दोन वेगवेगळ्या वर्षी. आणि प्रत्येक वळणावर मी पडू नये म्हणून ती पुढच्या सीटवरून हात मागे करून माझा सदरा छातीपाशी मुठीत धरून ठेवत असे. तो हात आम्हा तिघांपैकी कोणालाच आठवत नव्हता.