पूर आला की अलमट्टीच, बाकी सगळे धुतल्या तांदळासारखे?

रंकाळ्यावरचा: काल इथं एका भावानं टाकलंय की क्लायमेट चेंज वगैरे एसीत बसून बोलायच्या गोष्टी, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढली नाही म्हणजे कोल्हापूरचा पूर संपला. खालचे लाईक बघून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. उंची 524 मीटरवर जाऊ नये, मान्य. पण आत्ता ती 519.60 वरच आहे ना? तरी 2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलंच की, 2021 ला 56 च्या आसपास, अन धोका पातळी 43. हवा एक डिग्री तापली की साधारण 7 टक्के जादा बाष्प धरते, मग ते घाटमाथ्यावर चार दिवसांत ओततं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या लोकांनी 2017 ला मांडलंय, 1950 ते 2015 मध्ये मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात. आणि आपण निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकून अपार्टमेंट उठवली, उरलेल्या काठाला सलग ऊस. पाणी पसरायचं कुठं?

शिरोळचा पाव्हणा: मध्य भारत म्हणजे कोल्हापूर काय हो? आणि अलमट्टी निर्दोष म्हणायचं असेल तर कुरुंदवाडात येऊन म्हण. कृष्णेची फुग, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, बसली की पंचगंगा पुढं सरकतच नाही, पाणी दिवसेंदिवस दारात.

रंकाळ्यावरचा: पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं 2020 च्या अहवालात अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही, हे मी नाही म्हणत.

शिरोळचा पाव्हणा: समिती आमच्या माडीवर राहायला आली नव्हती.

भोगावती_काठ: अलमट्टीचं तुम्ही बघा, मला उसाचं बोलायचंय. प्रत्येक वेळी फिरून फिरून ऊसच! नदीकाठच्या मळीत दुसरं लावू काय? सोयाबीन दोन दिवसांत कुजतं, ऊस निदान तग धरतो. शेंडा बुडून पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळ बसला की मात्र तोही गेला, 2021 ला आमचा गेला, पोंगा धरून ओढला की हातात यायचा, वास असा की जेवण जाईना. एसडीआरएफचा, म्हणजे राज्य आपत्ती निधीचा, 2022 चा निकष माहितीय का, बागायतीला हेक्टरी 17 हजार, ते पण दोनच हेक्टर. गुंठ्याला 170 रुपये! गुंठ्याला टनभर ऊस निघतो मर्दा, टनाला तीन हजाराच्या वर दर. आणि फ्लॅटवाले आम्हाला पर्यावरण शिकवणार.

उपनगरवाला: फ्लॅटवाल्यांनी काय घोडं मारलंय? तीस वर्षांचं कर्ज काढून घेतलाय, महापालिकेचा शिक्का बघून. पूररेषेचं नंतर कळलं. आता विकायला काढला तर गिऱ्हाईक पहिलं विचारतं, 2019 ला पाणी कुठवर होतं.

भोगावती_काठ: मग शिक्का मारणाऱ्याला विचार, उसाला कशाला?

उपनगरवाला: उसाला मी नाव पण घेतलं नाही!!

कुंभार गल्ली: सगळे शेती अन फ्लॅट करताय म्हणून सांगतो. पर्यावरणवाल्यांच्या आग्रहानं पुराच्या साली निम्म्या मूर्ती शाडूच्या केल्या. शाहूपुरीत पाणी शिरलं आणि आधी त्याच बसल्या, नुसता चिखल. पीओपीच्या धुऊन परत रंगवल्या, विकल्या. आता पीओपी वाईट हे मलापण पटतं, पण शाडूचा तोटा कुणी भरून दिला? पंचनाम्यात मूर्ती कच्चा माल की पक्का यावरच दोन तास गेले.

रंकाळ्यावरचा: तेच म्हणतोय, तोटा वाढत जाणार आणि भरपाई जुन्याच हिशोबाने. पाऊस बदलला हे मानलं तर निकष बदला म्हणता येतं. सगळं अलमट्टीवर ढकललं की मुंबईतलं सरकार मोकळं.

शिरोळचा पाव्हणा: एवढं एक बरोबर बोललास. चुकून असेल.

भोगावती_काठ: भराव काढा म्हणणाऱ्यांत माझं पण नाव घाल. फक्त वरचं ते सलग उसाचं वाक्य काढ.

रंकाळ्यावरचा: नाही काढत.

भोगावती_काठ: मग नाव पण घालू नको.