काजूची बोंडे, लेव्ह्युलिनिक आम्ल आणि हरित द्रावक : लहान प्रमाणावर जमेल का?

प्रश्न : काजू बागायतदार, वेंगुर्ले तालुका

नमस्कार. आमची काजूची बाग आहे आणि जोडीला बी फोडण्याचा लहान कारखाना आहे. एप्रिल-मे महिन्यांत बी वेगळी केल्यावर बोंडे झाडाखालीच पडून राहतात, दुसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास सुटतो आणि पहिल्या पावसापर्यंत त्यांची माती होते. बियांच्या आठ-दहा पट वजनाचा हा माल दरवर्षी फुकट जातो. साखरेपासून लेव्ह्युलिनिक आम्ल आणि त्यापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन हा हरित (पर्यावरणाला कमी घातक) द्रावक, तसेच इंधनही तयार होते, असे नुकतेच वाचनात आले. बोंडांपासून हे करता येईल का, आणि केल्यास परवडेल का? टरफले आम्ही भट्टीत जाळतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न नाही.

उत्तर १ : निवृत्त रसायन अभियंता, चिपळूण

करता येईल, पण परवडणार नाही. ते का, हे आकडे मांडूनच पाहू.

शंभर किलो बोंडांतून साधारण साठ लिटर रस निघतो आणि त्यात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा किलो. सौम्य गंधकाम्लात दोनशे अंशांच्या आसपास तापवल्यावर साखरेच्या एका रेणूपासून लेव्ह्युलिनिक आम्लाचा एक, फॉर्मिक आम्लाचा एक आणि पाण्याचा एक रेणू मिळतो. वजनाच्या हिशेबाने १८० भाग साखरेतून फार तर ११६ भाग लेव्ह्युलिनिक आम्ल. सहा किलोंतून कागदावर पावणेचार किलो दिसतात. त्यातले साठ टक्के हाती लागले, तरी ते सव्वादोन किलोच होतात, कारण उरलेल्या साखरेचा बराच भाग ह्युमिन नावाच्या काळ्या, डांबरासारख्या गाळात जातो. पुढे रुथेनियम या धातूने युक्त कोळशावर (हाच उत्प्रेरक) दाबाखालील हायड्रोजन दिल्यावर आम्लातून पाणी निघून जाते आणि ११६ भागांचे १०० भाग होतात. एवढा सगळा खटाटोप करून शेवटी जेमतेम दोन किलो द्रावक मिळतो, आणि त्यासाठी पन्नासहून अधिक लिटर पाणी तापवावे व वेगळे करावे लागते. हा द्रावक पाण्यात पूर्ण मिसळतो आणि २०७ अंशांना उकळतो, त्यामुळे आधी सगळे पाणी उडवण्यावाचून गत्यंतर नसते.

तीच सहा किलो साखर आंबवली, तर तीन किलोपर्यंत अल्कोहोल मिळते आणि ते काम यीस्ट साध्या तापमानाला करते. गोव्यात याच बोंडांची फेणी होते, हे आपणांस सांगायला नको. (आपल्याकडे त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, हा भाग वेगळा.) लेव्ह्युलिनिक आम्लाचा मार्ग शोभतो तो पेंढा, लाकडाचा भुसा अशा कोरड्या मालाला, कारण त्यातला सेल्युलोज यीस्टला थेट खाता येत नाही, गंधकाम्ल मात्र तो फोडते.

उत्तर २ : संशोधक विद्यार्थिनी, रत्नागिरी

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. पेंढ्यावर मी हे काम केले आहे, म्हणून एक अडचण सांगते. पहिल्या खेपेस मी आम्लद्रवातील गंधकाम्ल नीट न काढताच तो उत्प्रेरकावर घेतला. हायड्रोजन खर्ची पडून त्याचा दाब तासाभरात उतरायला हवा होता. दाबमापकाचा काटा संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. रुथेनियम गंधकाने निकामी झाले होते. त्याच्या किमतीमुळे ती चूक पुन्हा करण्याची सोय नव्हती. तांबे आणि झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड) यांचा स्वस्त उत्प्रेरकही या कामी चालतो आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर संशोधन झाले आहे, परंतु आम्ल शुद्ध करण्याची पायरी तिथेही टळत नाही.

इंधनाविषयी थोडेसे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स ड्युमेसिक यांच्या गटाने २०१० मध्ये याच गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोनपासून ब्युटीन आणि ब्युटीनचे रेणू जोडून विमानाच्या इंधनासारखे हायड्रोकार्बन तयार करून दाखवले. मार्ग सुरेख आहे, मात्र त्यात पाचांपैकी एक कार्बन कर्ब वायू होऊन निघून जातो आणि सगळे काम दाबाखाली करावे लागते. बागेच्या कडेला करण्याजोगे ते नव्हे.

उत्तर ३ : निवृत्त रसायन अभियंता, चिपळूण

टरफलांचा प्रश्न नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. बी फोडणाऱ्या बायका ज्या तेलाने कातडी सोलवटू नये म्हणून हातांना राख लावतात, त्या टरफलातल्या कच्च्या तेलात साठ टक्क्यांच्या वर ॲनाकार्डिक आम्ल असते. हे झाडाने तयार करून दिलेले आम्ल आहे. साखर फोडणे नको, पाणी उडवणे नको. नुसते तापवले तरी त्यातून कर्ब वायू निघून कार्डेनॉल उरते, आणि शंभर भाग आम्लामागे सुमारे सत्त्याऐंशी भाग हाती राहतात. रंग, ब्रेकच्या अस्तरांसाठी लागणारी राळ, इपॉक्सीचे घट्टक यांसाठी कार्डेनॉलला बाजारात मागणी आहे. ते आपण भट्टीत घालता.

प्रश्नकर्ता

आम्ही उकडलेली बी यंत्रावर फोडतो, भाजत नाही. त्यामुळे टरफलात तेल कच्चेच राहत असावे. घाण्यावर ते काढून घरच्या घरी तापवून पाहता येईल का?

उत्तर ४ : निवृत्त रसायन अभियंता, चिपळूण

उकडलेल्या बीच्या टरफलातील तेलात आम्ल बऱ्याच अंशी शाबूत असते, ही आपली जमेची बाजू. घरात मात्र तापवू नका. धुराने डोळे आणि घसा पोळतो. उघड्या शेडमध्ये, स्टीलच्या भांड्यात, हातमोजे घालून, एकदोन लिटरच घ्या. १४० अंशांच्या पुढे वायू निघू लागला की तेल दुधासारखे फसफसून वर येते, म्हणून भांडे एक तृतीयांशाहून अधिक भरू नका आणि आच सावकाश वाढवा. आधी व नंतर वजन करा. फेस पूर्ण बसला की वजनातली घट इथे कळवा, म्हणजे आपल्या तेलात आम्ल किती होते, याचा अंदाज बांधता येईल.