मदत हवी आहे: पाइपलाइनचे तुकडे केल्यावर दुरुस्तीचा इतिहास कोणत्या आयडीवर ठेवायचा?

पाणीपुरवठ्याच्या मालमत्ता पोस्टजीआयएस या नकाशा-डेटाबेसमध्ये आहेत, संपादन क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमधून होतं. देखभालीचं सॉफ्टवेअर वेगळं. दोन्हींना जोडणारा दुवा एकच, asset_id ऐवजी आपण म्हणू 'मालमत्ता आयडी' (यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळख क्रमांक).

अडचण अशी: ४२० मीटरच्या डीआय (डक्टाइल आयर्न, लोखंडी) लाइनमधला ६० मीटरचा मधला भाग बदलून एचडीपीई (प्लास्टिक पाइप) टाकला. स्प्लिट केल्यावर तीन तुकडे झाले, पण वर्क ऑर्डर (देखभाल-दुरुस्तीच्या कामांच्या नोंदी) सगळ्या जुन्या आयडीवर.

करून पाहिलेलं: आयडी फील्डची स्प्लिट पॉलिसी (तुकडे करताना मूल्याचं काय करायचं ते) 'डुप्लिकेट' ठेवली, तर सेव्ह करताना युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दोनदा येऊ न देणारा नियम) अडवतो (अडवायलाच हवा). ट्रिगरने (डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या कोडने) नव्या तुकड्यांना नवा यूयूआयडी दिला, तर इतिहास एकाच तुकड्याकडे राहतो आणि बाकीचे कधी गळलेच नाहीत असं दिसतं. लाइन अखंड ठेवून अंतरानुसार भाग नोंदवणं नकाशात जमतं. देखभालीच्या बाजूला 'अंतर' ही कल्पनाच नाही.

मर्यादा: देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये आयडी बदलता येत नाही, वर्क ऑर्डर असलेली मालमत्ता पुसता येत नाही, फक्त 'निवृत्त' करता येते. नव्या नोंदी एपीआयने (प्रोग्राममधून थेट) टाकता येतात. जुन्या वर्क ऑर्डरपैकी थोड्यांनाच जीपीएस बिंदू आहे, त्यामुळे सगळ्या तुकड्यांवर अचूक वाटणं शक्य नाही.

सध्या कल असा: जुना आयडी निवृत्त, तिन्ही तुकड्यांना नवे आयडी, आणि जुना-नवा संबंध व तारीख सांगणारं वेगळं टेबल. असं कोणी चालवत असेल तर, उघड्या वर्क ऑर्डर आणि नियतकालिक तपासणीची वेळापत्रकं तुम्ही नव्या आयडींवर कशी हलवता, की तीच तपासणी तीनदा निघू नये?