पोटभर खाऊनही लॅब्रेडॉर भुकेलाच का?

शेपूटप्रेमी:
आमचा लॅब वाडगा चाटूनपुसून लख्ख करतो आणि थोड्याच वेळात पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडतो. डॉक्टरांनी जंत, थायरॉइड, सगळं तपासलं. काही निघालं नाही. घरचे म्हणतात, मीच लाडावून ठेवलाय. पोट भरल्याचं त्याच्या मेंदूला कळतच नाही का?

उंदीरवाली:
लाडावलाही असेल, पण सगळं खापर स्वतःवर फोडून घेऊ नका. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात भुकेच्या दोन प्रकारच्या पेशी असतात: एजीआरपीच्या पेशी ‘खा’ म्हणतात, पॉमसीच्या ‘पुरे’. चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक पहिल्यांना दाबतं, दुसऱ्यांना बळ देतं. साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरच्या याच पॉमसीच्या जनुकात डीएनएच्या 14 अक्षरांचा तुकडाच गायब असतो. केंब्रिजच्या संशोधकांच्या गटानं हे 2016 मध्ये दाखवलं.

पुढचं मला जास्त आवडतं. 2024 मध्ये त्यांनी कुत्र्यांना दर 20 मिनिटांनी कुत्र्यांच्या खाण्याचा एक डबा खाऊ घातला, नको म्हणेपर्यंत. जनुकात हा बदल असलेले आणि नसलेले, दोघं सारखंच खाऊन थांबले. (ढीगभर खाल्लं दोघांनी, लॅबच ते!) म्हणजे पोट भरल्याचं कळतं की! मग दुसऱ्या एका दिवशी, खाणं झाल्यावर 3 तासांनी, भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. दिसतं, वास येतो, मिळत नाही. बदलवाले त्या डब्याच्या जास्त मागे लागले. वर स्वस्थ बसल्यावर त्यांची ऊर्जाही सुमारे 25 टक्के कमी खर्च होते. बिचाऱ्यांना दोन्हीकडून मार.

रात्रपाळी:
पण हे सगळं मेंदूतल्या त्या डोपामिन रसायनाचं ना? चटक लागते ती?

उंदीरवाली:
हल्ली काहीही झालं की डोपामिन! ते ‘मजा’ देतं असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. डोपामिन बनवूच न शकणारे उंदीर 1995 मध्ये तयार केले होते. जन्मल्यावर काही आठवड्यांत ते खाणंपिणं सोडतात आणि उपासमारीनं मरतात. ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा टोचलं की खायला लागतात. खाण्यासाठी उठायलाच डोपामिन लागतं. तुमच्या लॅबचं उठणं तर झकास चाललंय.

शेपूटप्रेमी:
मग करू काय? ती नजर बघवत नाही हो.

उंदीरवाली:
दिवसाचं खाणं वजन करून बाजूला काढा, त्यातूनच चार-पाच वेळा द्या. वाडग्याऐवजी अंगणात विखरून टाका, शोधत बसेल. बक्षिसाचे तुकडेही त्याच वाट्यातले. आणि घरच्यांनाही तंबी द्या. गुपचूप घास देणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच.